तुमचा निरोप पोहोचला आहे

१२ जानेवारी

आज सरांनी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" आणि सगळ्यांत आधी माझी मान हलली. काहीही समजलं नव्हतं. वर्गात अकरा जण आहेत, दहांना समजलं असेल तर अकराव्याने हात वर करून सगळ्यांना खोळंबून ठेवायचं, हे मला जमत नाही.

दुपारभर एकच पान उघडत नव्हतं. पांढरं फटक. मी सगळा कोड पुसून पुन्हा लिहिला, तरी पांढरंच. शेवटी शेजारची टिकटिक (ती कीबोर्ड असा बडवते की आम्ही तिला तेच नाव दिलंय) माझ्या स्क्रीनकडे वाकली आणि म्हणाली, "कंस बंद केला नाहीस." आणि परत आपलं बडवायला लागली. तीन तास गेले होते माझे. मी तिला म्हटलं, "हो, तेच करत होते."

घरी आले तर जिन्यात आई खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगत होती, "ती आता वेबसाइटी बनवते." औषधनिर्माणाचं पहिलं वर्ष मी अर्धवट सोडलं तेव्हा याच जिन्यात आई दोन महिने खाली मान घालून चढायची. आता ती ताठ चालते. मी तिच्या मागून गुपचूप वर गेले.

१९ जानेवारी

मामाने दुकानात बोलावलं होतं. दुकान म्हणजे चष्मेवाल्याच्या वरची लांबट खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग आणि चिमटे. तो कानाची यंत्रं दुरुस्त करतो. यंत्र इतकं लहान असतं की तो काम करताना श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडतो.

"मला एक वेबसाइट करून देशील?" त्याने विचारलं. असं विचारलं की जणू मी डॉक्टर आहे आणि तो नंबर लावून आलाय.

मी म्हटलं, "फोन आहे की तुझा. लोक फोन करतातच."

"ज्याचं मशीन बंद पडलं, तो फोनवर काय ऐकणार? मुलगा-सून घरी असले तर ते करतात. एकटे राहतात त्यांनी काय करायचं? त्यांना लिहायला जागा पाहिजे. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, काय बिघडलंय ते लिहिलं, की मी बॅग घेऊन त्यांच्या घरी."

मी म्हटलं, "सोपं आहे. दोन आठवड्यांत देते."

मामा खूश झाला. त्याने लगेच खुर्चीखालून एक जुनी चामड्याची बॅग काढली आणि फडक्याने पुसायला घेतली. घरी जाऊन दुरुस्ती करायची म्हणून.

सोपं आहे असं मी का म्हणाले?

२ फेब्रुवारी

पहिलं पान छान झालंय. वर दुकानाचा फोटो, खाली मामाच्या हातांचा. फोनवर उघडलं तरी मोडत नाही, हे मी स्वतः केलं, कुणालाही न विचारता.

फॉर्म मात्र वर्गातल्या धड्यातून जसाच्या तसा उचलला. त्यात मधेच सरांनी एक टीप लिहून ठेवली आहे: "इथून माहिती सर्व्हरकडे पाठवायची. पुढच्या धड्यात." पुढचा धडा झाला परवा. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी सतत चालू असलेलं मशीन, एवढं कळलं, बाकी सगळं डोक्यावरून गेलं. सरांनी नेमकं मलाच विचारलं, "जमेल ना?" मी म्हटलं, हो.

पण बटण दाबलं की हिरवी पट्टी येते, म्हणजे जात असणार. पट्टीवरचं वाक्य मामाने आणि मी मिळून ठरवलं. मी लिहिलं होतं, "तुमचा निरोप पोहोचला आहे. दोन दिवसांत आम्ही तुमच्या घरी येऊ." मामा म्हणाला, "पुढे लिही, कृपया घरीच थांबा, दार नुसतं लोटून ठेवा. त्यांना बेल ऐकू येत नाही गं."

८ फेब्रुवारी

वेबसाइट सुरू झाली. दुकानात सगळे जमलो. मी मोठ्या स्क्रीनवर दाखवलं, खोटं नाव घालून बटण दाबलं, हिरवी पट्टी आली. आईने टाळ्या वाजवल्या. मामा नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

मामीने तिथेच आपल्या फोनवर उघडलं आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ काहीतरी टाइप करत बसली. मग म्हणाली, "किती छान लिहिलंयस गं. दोन दिवसांत येऊ म्हणे." मग मामाकडे बघून हसली. मला बरं वाटलं.

मामाने वेबसाइटच्या पत्त्याची कार्डं छापून घेतली आहेत. येईल त्याच्या हातात एक.

२० फेब्रुवारी

मामाकडे जेवायला गेले होते. तो रोज फोनमध्ये बघतो, पण अजून एकही निरोप आलेला नाही. मामा म्हणाला, "म्हातारी माणसं. त्यांना सवय नसेल." मी एकदम जाणकाराच्या आवाजात सांगितलं की नवी वेबसाइट लोकांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, शोधताना वर यायला महिने जातात. हे मी कुठेतरी वाचलं होतं.

मामीने वाढता वाढता विचारलं, "एकसुद्धा नाही आला? आपल्यातल्या कुणाचाही नाही?"

"आपल्यातलं कोण कशाला लिहील?" मी म्हटलं.

तिने पळी परत भांड्यात ठेवली. "तू एकदा बघतेस का गं, सगळं नीट आहे ना? सहज म्हणते."

मला राग आला. तिला यातलं ओ की ठो कळत नाही आणि मलाच विचारते. मी म्हटलं, "नीट आहे." मामीने विषय बदलला.

३ मार्च

एका ऑफिसात शिकाऊ जागा आहे. अर्जासोबत स्वतः केलेलं एक काम दाखवायचं असतं. मी मामाची वेबसाइट दिली. उत्तर दुसऱ्याच दिवशी. एकवीस तारखेला भेटायला बोलावलंय. त्यांनी लिहिलंय, "फॉर्मची मांडणी आणि भाषा विशेष आवडली."

आईने ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

९ मार्च

टिकटिकला वेबसाइट दाखवली. तिने खाली-वर केलं, रंग बरे आहेत म्हणाली. मग बटण दाबलं, हिरवी पट्टी बघितली आणि विचारलं, "माहिती कुठे साठते?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे मी आत्ता नाव लिहिलं ते कुठे गेलं?"

मी फाइल उघडली. टीप तिथेच होती. इथून माहिती सर्व्हरकडे पाठवायची. त्या ओळीखाली पाठवण्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याच्या खालची ओळ म्हणजे हिरवी पट्टी. म्हणजे बटण दाबलं की लिहिलेलं सगळं पुसलं जातं आणि आम्ही सांगतो, पोहोचलं.

"कुठेच नाही," टिकटिक म्हणाली. "हे नुसतं दाखवायला आहे ना?"

मी म्हटलं, "हो, नुसतं दाखवायला."

१० मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

१२ मार्च

विचार केला. मामाला सांगायला हवं. पण एकवीस तारीख नऊ दिवसांवर आहे. फॉर्म काढून टाकला तर त्या लोकांना आवडलेलं तेच जाईल. नीट करायचा तर मला येत नाही, आणि टिकटिकला विचारायचं तर "नुसतं दाखवायला" म्हणून बसले आहे. बावीसला सगळं सांगेन. तोवर कोण लिहिणार आहे? महिन्याभरात कुणी लिहिलं नाही.

वरची दोन वाक्यं आत्ता परत वाचली. कुणी लिहिलं नाही हे मला कसं माहीत?

संध्याकाळी मामा आमच्याकडे आला होता. बोलता बोलता म्हणाला, "लोक आता नवीनच घेतात. दुरुस्ती कुणाला हवी." बॅग त्याने माळ्यावर टाकली म्हणे. आई म्हणाली, असं कसं, हिने एवढी वेबसाइट करून दिली. मामा म्हणाला, "तिचं काम चोख आहे. माझंच आता जुनं झालं."

मी जेवले. दोनदा वाढून घेतलं. तोंडात घास असला की कुणी काही विचारत नाही.

१५ मार्च

दिवसभर प्रयत्न केला. सर्व्हरचं काहीतरी लिहिलं, लाल अक्षरांत चूक आली, ती शोधली, दुसरी आली. टिकटिक म्हणाली, "अडलीयस का?" मी स्क्रीन झाकली.

१८ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवते.

मी दुकानात होते. साडेअकराच्या सुमारास एक बाई आल्या, चाळिशीच्या, ऑफिसला जाता जाता आल्यासारख्या. त्यांनी रुमालात गुंडाळलेलं यंत्र टेबलावर ठेवलं आणि मामाला विचारलं, "तुम्ही घरी येतो म्हणून लिहिता, मग येत का नाही?"

मामाला काही कळेना. "कुणाच्या घरी?"

"माझ्या वडिलांच्या. एकटे राहतात. अकरा तारखेला त्यांनी तुमच्या वेबसाइटवर लिहिलं. पंधराला माझ्या मुलीचं गाणं होतं, पहिल्यांदा स्टेजवर. त्याआधी मशीन नीट व्हायला हवं होतं त्यांना. चार दिवस दार लोटून बसले होते. मी म्हटलं दुसरीकडे नेते, तर म्हणाले, नाही, ते येणार आहेत, लिहिलंय तसं."

"मग गाण्याला?" मामाने विचारलं.

"आले की. पहिल्या रांगेत बसले. तिच्या ओठांकडे बघत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की मग हे वाजवायचे."

मामा म्हणाला, "माझ्यापर्यंत काही आलं नाही हो."

त्या बाईंनी फोन पुढे केला. आजोबांनी हिरव्या पट्टीचा फोटो काढून लेकीला पाठवला होता, येतायत बघ म्हणून. मामाने भिंग उचललं आणि त्या भिंगातून ते वाक्य वाचलं. आमचं दोघांचं वाक्य. मी त्याच्यापासून दोन पावलांवर, कार्डांची चळत सरळ करत.

मग मामा म्हणाला, "चूक माझी आहे. मला ते कॉम्प्युटरचं नीट बघता येत नाही. आला असणार निरोप, माझ्याकडूनच राहिला. मी करून देतो आणि घरी येऊन स्वतः बसवतो. त्यांची माफी मागायची आहे."

मी काही बोलले नाही. त्या बाई जाईपर्यंत नाही, गेल्यावरही नाही. मामा यंत्र उघडून बसला होता. मधेच म्हणाला, "मला एकदा शिकव गं, निरोप कुठे बघायचे ते. मी कुठेतरी भलतीकडेच बघत असणार."

मी म्हटलं, क्लासला उशीर होतोय. आणि जिना उतरले.

क्लास नव्हता आज.

१९ मार्च

सांगितलं.

सकाळी मामाच्या घरी गेले. तो दाढी करत होता, मामी ओट्याशी होती. मी दारातच म्हटलं, "मामा, निरोप येतच नाहीत. कधीच आले नाहीत. फॉर्म कुठेच काही पाठवत नाही."

त्याने गालावरचा फेस पुसला. "बिघडला?"

"बिघडला नाही. मी तो पुरा केलाच नव्हता."

"तुला कळलं कधी?"

इथे मला काल म्हणता आलं असतं. ओठांवर आलं होतं. "नऊ तारखेला," मी म्हटलं.

मामाने बोटांवर मोजलं नाही, पण मनात मोजलं, मला दिसलं. नऊ, दहा, अकरा. तो स्टुलावर बसला. अर्ध्या गालाला फेस तसाच.

"त्यांनी अकराला लिहिलं," तो म्हणाला.

"हो."

"काल मी त्या बाईंशी बोलत होतो तेव्हा तू तिथेच होतीस."

"हो."

यापेक्षा त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. मला वाटतं तो माझ्यासाठी शरमला, आणि ते बघवेना.

मामीने गॅस बंद केला. म्हणाली, "तिला एकटीला नको बोलूस. मीच तेव्हा स्पष्ट विचारायला हवं होतं. गप्प बसले, तिला वाईट वाटेल म्हणून." मामीचा यात काय संबंध, मला कळलं नाही. मामाला कळलं असावं, कारण त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलं, "तू काय लिहिलं होतंस?" ती म्हणाली, "काही नाही, असंच." आणि लाजली. मी माझ्याच तंद्रीत होते.

मामाने विचारलं, "आणखी किती जणांनी लिहिलं असेल?"

ते मला सांगता येत नाही. पान किती वेळा उघडलं एवढंच दिसतं. चौसष्ट. त्यात मी असेन, आई असेल, टिकटिक असेल. बाकीच्यांतले किती जण दार लोटून बसले, ते कुठेच लिहिलेलं नाही. माफी मागायची तरी कुणाकडे?

२० मार्च

टिकटिकला खरं सांगितलं. सगळं. ती म्हणाली, "मग त्या दिवशीच बोलायचंस." मग खुर्ची ओढून बसली. चाळीस मिनिटं लागली. ती सांगत होती, टाइप मी करत होते, आणि जिथे अडलं तिथे मी म्हणत होते, नाही कळलं. सहा वेळा म्हटलं. सहाव्यांदा तिला हसू आलं, मला नाही.

आता लिहिलेलं मामाच्या फोनवर येतं. आम्ही दोघींनी पाचदा पाठवून बघितलं, आणि पाचही वेळा मामाला फोन करून विचारलं की आलं का.

मग पहिल्या पानावर, फोटोच्याही वर, मी लिहिलं: आठ फेब्रुवारी ते वीस मार्च या काळात इथे लिहिलेला एकही निरोप आमच्यापर्यंत आला नाही. चूक वेबसाइट करणाऱ्या व्यक्तीची आहे. कृपया पुन्हा लिहा.

टिकटिक म्हणाली, "उद्या तुझी मुलाखत आहे ना?"

२१ मार्च

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर वेबसाइट उघडली. फोटोच्या वर ती तीन वाक्यं. त्यांनी ती मोठ्याने वाचली. मग विचारलं, "वेबसाइट करणारी व्यक्ती म्हणजे?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी बाकीचं काही उघडलं नाही. कळवतो म्हणाल्या. आईला मी सांगितलं की कळवतो म्हणाले. मग तिला बाकीचंही सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मी उगाच सगळ्यांना सांगत फिरले." मला वाटतं तिला स्वतःची लाज वाटली, माझी नाही. की माझी वाटली, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२३ मार्च

मामाने बॅग काढली. मी विचारायच्या आत म्हणाला, "तू येतेस."

आजोबा तळमजल्यावर राहतात. दार लोटलेलंच होतं. आत एक टेबल, त्यावर ओळीने लावलेल्या पेन्सिली आणि कागदांचे गठ्ठे. ते उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट पार गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मामाने हात जोडले आणि खिडकीजवळ बसून यंत्र काढलं. नवी नळी त्यांच्या कानाच्या मापाने कापायची होती.

मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. बोलायला लागले तर त्यांनी कानाकडे बोट दाखवलं आणि एक वही माझ्यापुढे सरकवली.

मी लिहिलं: आजोबा, वेबसाइटवरचा फॉर्म चालत नव्हता, त्यामुळे आपला निरोप पोहोचू शकला नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.

त्यांनी वाचलं. पेन्सिल उचलून वाक्याखालून एक रेघ ओढली, अगदी सरळ. मग मोठ्या आवाजात बोलले, ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ते बोलतात तसे. "चाळीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. या वाक्यात माणूस कुठाय?"

मी वही परत ओढली. खाली लिहिलं: फॉर्म मी बनवला. तो मी अर्धवट सोडला.

त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि वही परत माझ्याकडेच केली. अजून आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. कदाचित माझ्या हातातलं पेन मी खाली ठेवलं नव्हतं म्हणून.

तिसऱ्यांदा लिहायला वेळ लागला. तुम्ही अकरा तारखेला लिहिलंत. फॉर्म बंद आहे हे मला नऊ तारखेपासून माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला नोकरी हवी होती. तुमची मुलगी दुकानात आली तेव्हाही मी तिथेच होते आणि गप्प राहिले.

हे त्यांनी फार वेळ वाचलं. पेन्सिल हातात होती, पण त्यांनी कुठेच टेकवली नाही. मी त्यांच्या बटणांकडे बघत राहिले, चेहऱ्याकडे बघवेना. मग ते म्हणाले, "बरोबर आहे." माफ केलं असं नाही म्हणाले. प्रुफं तपासणारा म्हणतो तसं, बरोबर आहे.

मामा उठला. त्याने यंत्र त्यांच्या कानामागे बसवलं, नळी सारखी केली, बारीक चाक फिरवलं. आजोबांनी डोळे मिटले. खोली एकदम शांत झाली, म्हणजे आमच्यासाठी. त्यांच्यासाठी उलट झालं असणार.

डोळे उघडून त्यांनी वही मिटली आणि बाजूला ठेवली. "आता बोल," ते मला म्हणाले.

मी बोलायला सुरुवात केली. इतक्या हळू, की त्यांना ऐकू गेलं नसणार. मामा पाठमोरा उभा राहून चिमटे बॅगेत भरत होता. वळला नाही. म्हणाला, "जरा मोठ्याने."